लाटेवर कोट-टाय

फोटोशॉप मला कुणीही शिकवलेलं नाही. सगळं मोबाइलवर बघून! तरी सांगतो, इथे बहारीनमध्ये, अख्ख्या नईम मोहल्ल्यात माझ्यासारखं बटण कुणाकडे नाही. फोल्डरमध्ये फोटो टाका, बटण दाबा. मागे पांढरं, केस चप्प, अंगात कोट-टाय. व्हिसाचा फोटो खलास!

तर बुदैया गावचे शाहिदबाबा आमच्या फोटोच्या दुकानात आले. बहारीनी, पंचाहत्तरी ओलांडलेले, पण हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. एकोणसत्तर साली कॅलिफोर्नियात शिकत होते, तेव्हा काढलेल्या फिल्मच्या चोवीस स्लाइड्स घेऊन. सर्फिंगवाली पोरं! खांद्याखाली केस, उघडी अंगं, मोडकी व्हॅन, नोकरीच्या नावाने बोंब. सनाबिसच्या हॉलमध्ये त्यांच्या मोठ्या प्रिंटचं प्रदर्शन, गुरुवारी पाचला.

आमचे मॅनेजर महादेवकाका, सावंतवाडीचे. म्हणाले, "नीट कर हां. नायतर तुझ्या व्हिसाच्या कागदावर सही मफी, मिळायची नाय!"

मी स्कॅन केले. सवयीने त्याच फोल्डरमध्ये टाकले. सवयीने बटण दाबलं. मोठाले प्रिंट निघाले तसे गुंडाळले. रोजचे व्हिसाचे फोटो कोण बघत बसतं?

गुरुवारी साडेचारला हॉलमध्ये पहिली गुंडाळी उघडली. गुडघे वाकवून, हात पसरून उभा माणूस. कोट-टायमध्ये. लाट गायब! जणू बँक मॅनेजर ओल्या फरशीवर घसरतोय! दुसरा, तिसरा... चोवीसच्या चोवीस!

"ह्या काय केलंस रे मेल्या?" काका किंचाळले. "आधीचे स्कॅन?"

"त्यांच्यावरच सेव्ह झालं..."

"आणि स्लाइड्स?"

"त्या आहेत! दुकानात!"

"मग पळ!"

पळणार, तोच दारात शाहिदबाबा. झालं! मनातल्या मनात मी बॅग भरली, विमानातही बसलो.

बाबा एका फोटोसमोर थांबले. हलेचनात. काकांनी माझं मनगट असं धरलं की बोटं पांढरी पडली.

"ये मैं हूँ," बाबा म्हणाले. "दोस्त ने खींची थी. इन बालों के चक्कर में अब्बा ने सात साल बात नहीं की. ऐसी एक फोटो भेज देता ना..."

मग डोळे पुसत एकदम हसले. "ये मेरे घर जाएगी. बाकी सब में मेरा समंदर वापस डालो. यल्ला, जल्दी!"

पाचचं प्रदर्शन सातला उघडलं. प्रिंट अजून गरम होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी सही केली. "तुझा फोटो जोड."

बटण दाबायची हिंमतच होईना! स्वतःच्या फोटोमागचं सगळं माउसने हाताने कापलं. एक तास. केसन् केस जपून.

काल कागद परत आले. फोटो रिजेक्ट.

डावा कान नाही म्हणे!