डावखुऱ्या दुनळीचा पाचवा नग

आमच्या मामांची बंदूक सात दिवसांच्या तपासणीसाठी शस्त्र भांडारात जमा झाली, त्याला येत्या महिन्यात अकरा वर्षं पूर्ण होतील. यात भांडाराने दिरंगाई केली असं कोणी म्हणू नये. सात दिवस मोजायचे ते तपासणी सुरू झाल्यापासून, आणि तपासणी अजून सुरू झालेली नाही. मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला हे लगेच पटलं. मामांना पटायला वेळ लागला, कारण त्यांनी जन्मभर खासगी नोकरी केली.

बंदूक म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. मामांनी तिने कधी चिमणीसुद्धा मारलेली नाही. यंत्राने हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, एवढंच तिचं काम. बंदूक रशियन बनावटीची, दोन नळ्या एकावर एक, आणि घडण खास डावखुऱ्यांसाठी. कारखान्याने अशा मोजक्याच बंदुका काढल्या आणि मग डावखुऱ्यांचा नाद सोडून दिला. मामांनी एकदा उजव्या हाताची बंदूक खांद्याला लावून पाहिली होती. त्या दिवशी तबकडी शाबूत राहिली आणि मामांचा गाल आठवडाभर सुजला.

चूक झाली ती मामांच्याच तोंडून. परवान्याच्या नूतनीकरणासाठी गेले असता टेबलामागच्या कारकुनाने सहज विचारलं, बंदूक कशी काय आहे. मामा फुशारले आणि म्हणाले, अशी बंदूक शोधून सापडायची नाही. कारकून कर्तव्यदक्ष निघाला. त्याने शेऱ्याच्या रकान्यात 'दुर्मिळ' असं लिहिलं. दुर्मिळ वस्तू वापरली की झिजते, म्हणून ती मालकाच्या हाती देता येत नाही. तिचं जतन करावं लागतं.

दहा वर्षं मामांनी कळ काढली. मग साडेचार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की उजवा डोळा गेलेलाच आहे, डावा फार तर आणखी सहा महिने साथ देईल. मामा घरी आले, कपातला चहा गार होऊ दिला आणि मला म्हणाले, "पंचवीस तबकड्यांची एक फेरी. माझ्या बंदुकीने. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मामा सहसा कोणाकडे काही मागत नाहीत. मला अगदी गलबलून आलं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी भांडारात हजर झालो.

भांडारप्रमुख गृहस्थ सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, खुर्चीवरच्या फायली स्वतः उचलल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर ठेवल्या. मग काचेच्या कपाटाशी नेऊन बंदूक दाखवली. चापाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली होती आणि दस्त्यावर बोटभर धूळ होती. धूळ पुसायची का, असं मी विचारलं. ते म्हणाले की पुसणं हे हाताळण्यात मोडतं.

"पण तुमचं काम होण्यासारखं आहे," ते म्हणाले. "पाचपेक्षा कमी नग असतील तरच वस्तू दुर्मिळ धरतात. आणखी चार दाखवा आणि त्याच दिवशी बंदूक घेऊन जा."

इतका सरळ नियम ऐकून मला भरून आलं. मी कामाला लागलो. नेमबाजी मंडळाच्या गच्चीवरच्या खोलीत जुन्या स्पर्धांच्या फोटोंचे गठ्ठे पडले होते. सलग तीन रविवार मी भिंग घेऊन लोकांचे खांदे तपासले. डाव्या खांद्याला तशीच दुनळी लावलेला एक इसम सापडला. तो म्हणजे मामांचा दंतवैद्य. मामा वीस वर्षं त्याच्यापुढे तोंड उघडून बसत होते, पण विषय कधी निघाला नव्हता.

दंतवैद्य खिलाडू वृत्तीचा माणूस. खेळाडूने खेळाडूसाठी एवढं करायलाच हवं, म्हणत त्याने आपल्याकडेही तशी बंदूक असल्याचं लिहून दिलं. ते पत्र मी भांडारात नेऊन दिलं. दहाव्या दिवशी दंतवैद्याची बंदूक सात दिवसांच्या तपासणीसाठी जमा झाली.

मी धावत भांडारात गेलो. प्रमुखांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. नोंदीत आता दोन बंदुका झाल्या. दोन म्हणजे पाचपेक्षा कमी, म्हणजे दुसरीही दुर्मिळच, आणि दुर्मिळ वस्तू खासगी घरात ठेवणं धोक्याचं. यात मला कुठेही फट सापडली नाही.

दंतवैद्याला मात्र पटलं नाही. मामांची नवी कवळी त्याच्याकडे करायला टाकलेली होती. त्याने खालचे दात दिले आणि वरचे बंदूक परत मिळाल्यावर देईन म्हणाला. त्याचा राग तेवढ्यावर भागला नाही. माझीच का म्हणून, असं म्हणत त्याने गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकेचं नाव कळवलं. तिसरी बंदूक जमा झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी गप्प बसून सोसलं असतं, पण ज्या जावेशी त्यांचं अकरा वर्षं वाकडं होतं, तिच्या यजमानांकडेही तसली एक बंदूक असल्याचं त्यांना ठाऊक होतं. चौथी बंदूक आली. कपाट भरलं, दुसरं मागवण्यात आलं, आणि माझ्या चिकाटीची दखल घेऊन भांडाराने मला शोध समितीचा मानद सदस्य नेमलं.

मी ती बातमी मामांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. नीट दिसत नसल्यामुळे असेल.

मंडळाच्या वर्धापनदिनी ते माझा हात धरून मैदानावर आले. नेहमीच्या जागी उभे राहिले, पाय रोवले आणि हातातली काठी डाव्या खांद्याला लावली. कोणाला हसायचं सुचलं नाही. मामा "सोड" म्हणाले, यंत्राने तबकडी उडवली, काठी तिच्यामागे फिरली.

"लागली," मामा म्हणाले.

अशा पंचवीस झाल्या. त्यांनी तीन स्वतःहून चुकल्या म्हणून सांगितल्या. सातवीला आपण घाई केली, असंही म्हणाले. मंडळाच्या गुणलेखकाने डोळे पुसत वहीत बावीस गुण मांडले.

वहीची प्रत नियमाप्रमाणे भांडाराकडे जाते. तिकडून विचारणा आली की बावीस गुण कोणत्या शस्त्राने मिळवले. मंडळाने खरं ते कळवलं. काठी सध्या सात दिवसांच्या तपासणीसाठी जमा आहे, आणि मामा घरात भिंत धरून चालतात.

आता फक्त एक नग कमी आहे. पाचवा मिळाला की पाचही बंदुका त्याच दिवशी सामान्य होतील आणि मामांची फेरी होईल. डॉक्टरांच्या हिशेबाने अजून सात आठवडे आहेत. म्हणून समितीचा सदस्य या नात्याने आणि भाचा म्हणूनही, ही हकिकत वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुमच्या घरी माळ्यावर, कपाटामागे डावखुरी रशियन दुनळी असेल तर समितीला कळवा. सात दिवसांचा तर प्रश्न आहे.

स्वतःच्या घरातली कळवणं जिवावर येत असेल, तर शेजाऱ्याकडची कळवा. तुमचं नाव कुठेही येणार नाही. तिसरी आणि चौथी आम्हाला तशीच मिळाली, आणि दोन्ही वेळा मी लेखी पत्र मागितलं त्याच दिवशी ते आलं होतं.