दोन बोटं मोकळा ब्रेक

रेकॉर्ड विभागातल्या कारकूनसाहेबांना आताशा कशाचाच उत्साह उरला नव्हता. जुन्या फायलींचे गठ्ठे बावीस वर्षं बांधून माणसाचं दुसरं काय होणार! उरली होती ती फक्त आवळायची सवय. घरातला नळ ते असा बंद करत, की उघडायला पुन्हा त्यांनाच हाक मारावी लागे. (बरण्यांची झाकणं तर बायकोनं त्यांच्यापासून लपवूनच ठेवली होती.)

त्या दिवशी सकाळी दहाला बायकोची मुलाखत होती. इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत ती नऊ वर्षं हंगामी होती. आज कायम व्हायची संधी होती आणि उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

मोटारसायकल कालच सर्व्हिसिंग होऊन आली होती. निघण्यापूर्वी साहेबांनी मागच्या ब्रेकच्या पॅडलवर सहज पाय ठेवला. ते दोन बोटं खाली गेलं, मग ब्रेक लागला. साहेबांना ते सहन होईना. ‘तेवढं मोकळं असतंच, हात लावू नका,’ असं मेकॅनिकनं बजावलं होतं खरं. पण मेकॅनिक काय, म्हणणारच! त्यांनी पाना आणला आणि मागच्या चाकाजवळचा नट पाच फेरे आवळला. पॅडल जागचं हलेना. कित्येक महिन्यांनी त्यांना जरा बरं वाटलं.

“अहो, गाडी आज कुंथतेय का?” रस्त्यावर बायकोनं विचारलं.

“दोघं बसलोय ना.”

“रोज दोघंच बसतो. म्हणजे मी जाड झाले?”

“तसं नव्हे गं...”

“मुलाखतीच्या दिवशी हेच ऐकायचं राहिलं होतं!”

मागचा स्कूटरवाला ओरडला, “काका, ब्रेकवरचा पाय काढा! लाल दिवा केव्हाचा पेटलाय!”

साहेबांनी दोन्ही पाय हवेत उचलून दाखवले. दिवा पेटलेलाच. मग जळका वास आला, मागच्या चाकातून धूर आला आणि भर चौकात गाडी थांबली. साहेबांनी मेकॅनिकला फोन लावला.

“पॅडल किती खाली जातंय, साहेब?”

“अजिबात नाही.” (एवढ्यातही आवाजात थोडा अभिमान होताच.)

“मी दोन बोटं मोकळं सोडलं होतं.”

“ते मी भरून काढलं.”

“किती फेरे?”

“पाच.”

“नट पाच फेरे उलटा फिरवा,” मेकॅनिक म्हणाला.

पाना घरी होता. दोघांनी गाडी रेटत, ओढत कडेला घेतली. बायकोच्या दोन्ही हातांना काळं ग्रीस लागलं. पावणेदहा झाले होते. समोर बस आली, तशी ती मागे वळूनही न बघता चढली. साहेब तापलेल्या चाकाशेजारी मटकन बसले. नऊ वर्षांच्या तिच्या कष्टांवर आपण पाच फेऱ्यांत पाणी फिरवलं, या विचारानं त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी बायको हसत घरी आली.

“झाले कायम! पोचले तेव्हा दहाला दोन मिनिटं होती.”

“काय विचारलं?” साहेबांच्या जिवात जीव आला.

“एकच. अवघड माणसाला शांतपणे सांभाळायचा अनुभव आहे का?”

“मग?”

“संसाराचा एकोणीस वर्षांचा आहे म्हटलं. दाखला मागितला, तर ग्रीसचे हात दाखवले.”