पाणवठ्यावरचा चार बोटांचा वाघ

गुणवंतरावांनी उभ्या आयुष्यात एकाही पत्राचं उत्तर थकवलं नव्हतं! अहेरीतल्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तक हरवलं म्हणून कोणी माफीचं पत्र लिहिलं, तर त्यालाही "माफी पोचली, पुस्तक मात्र पोचलं नाही" असं पोस्टकार्ड जायचं. निवृत्त झाले तेव्हा टेबलावर उत्तराविना एक चिठ्ठीसुद्धा उरली नव्हती.

आता मात्र एक पत्र उरलं होतं. दोन महिन्यांपासून ते कपाटात, जाडजूड शब्दकोशाखाली दबून पडलं होतं. आणि ते होतं पुण्याला शिकणाऱ्या नातीचं, दिव्यानीचं!

"आजोबा," तिने लिहिलं होतं, "फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणता आणि फोन आजीकडे देता. लिहिताना तेवढे बोलता, म्हणून हे पत्र. सोबत एक टॅब पाठवते आहे. त्यात मी बनवलेला कोड्यांचा खेळ आहे, माझं शेवटच्या वर्षाचं काम. पाच कोडी आहेत. चार सगळ्यांना सुटतात, पाचवं कोणालाच सुटत नाही. सर म्हणतात, ते चुकलंय, काढून टाक. मला वाटतं, तुम्हाला सुटेल. तुमच्याइतका धीराचा माणूस मी पाहिला नाही. वीस मार्चच्या आत कळवा, नाहीतर मला ते काढावंच लागेल. सोबतच्या कार्डावर खूण करा, आणि खरं लिहा."

कार्डावर दोन चौकोन होते. एकापुढे 'स्वतः खेळलो', दुसऱ्यापुढे 'दुसऱ्याला खेळताना पाहिलं'.

गुणवंतरावांना धडकी भरली ती 'धीराचा' या शब्दाने. धीराचा? स्वतःच्या लग्नात ज्याचे हात इतके थरथरले की हार भटजींच्या गळ्यात पडला, तो?

तरी त्यांनी एकदा खेळून पाहिलं होतं. पडद्यावर झाडीतून एक म्हातारा आणि एक पोरगी निघाली होती, नदीपलीकडच्या घराकडे. दुसऱ्याच कोड्यात गुणवंतरावांनी दगड भलत्या ठिकाणी ढकलला आणि पोरगी ओढ्यात पडली! त्यांनी घाबरून टॅब बंद केला, बंद टॅबची माफी मागितली आणि तो शब्दकोशाशेजारी ठेवून दिला.

चौदा मार्चला सकाळी त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी कपाट झाडायला काढलं आणि पत्र सापडलं.

"काऊन जी! पोरगी वाट पाहून राह्यली अन् तुमी पत्र लपवून राह्यले?"

"लपवलं नाही. विचार चालू आहे."

"दोन महिने? इतक्यात तर धान कापून होते!"

"खेळावं की नुसतं बघावं, हेच ठरत नाही."

"मंग बघा! बघाले कोणाचं काय जाते? नाई तरी जलमभर तेच केलं तुमी!"

टोमणा होता, पण गुणवंतरावांना त्यात वाट दिसली. कार्डावर दुसरा चौकोन आहेच की! मोबाइल दुरुस्त करणारा गोपाल खेळेल, आपण शेजारी बसून वहीत टिपून घेऊ आणि संध्याकाळच्या आत पत्र पेटीत! योजनेत एकही भोक नव्हतं. फक्त तो बाजाराचा दिवस होता, एवढं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

गोपालने काउंटरवर टॅब उभा केला आणि अर्ध्या तासात चार कोड्यांचा फडशा पाडला. गुणवंतराव स्टुलावर बसून लिहीत होते : 'गोपालने दगड डावीकडे सरकवला. पोरगी पडली नाही.'

पाचवं कोडं उघडलं. पाणवठा होता. पलीकडे घर दिसत होतं आणि वाटेवर, पाण्याला तोंड लावून, वाघ बसला होता.

गोपालने दगड सरकवला. वाघ गुरगुरला, खेळ मागे गेला. गोपालने फांदी ओढली. गुरगुर, पुन्हा मागे! तोवर टोपल्या, पिशव्या, सायकली घेऊन माणसं थांबू लागली. भाजी विकणारी रुखमा तर आपली टोपली सोडून काउंटरला चिकटली. एवढ्यात तिच्या लेकाचा फोन आला.

"कुठी आहेस माय?"

"गोपालच्या दुकानात! वाघ बसून राह्यला ना इथी! काई केलं तरी उठूनच नाई राह्यला!" असं म्हणून तिने फोन ठेवला, कारण गोपाल पुन्हा फांदीला हात घालत होता.

लेकाने ते बाजारभर केलं. दुसऱ्या गावात हे ऐकून कोणी हसलं असतं. इथे खरेखुरे वाघ फिरतात, कोण हसणार? पाच मिनिटांत मिरचीवाल्याने मिरच्या रस्त्यावर सांडत पाल गुंडाळलं. कोंबड्यांच्या डालग्या उपड्या झाल्या. चपलांचे जोड रस्त्यावर सोडून माणसं पळाली. बस दारं लावून थांबली आणि कंडक्टर खिडकीतून ओरडू लागला, "कोणी उतरू नोका!" सगळा बाजार गोपालच्या दुकानापासून लांब पळत होता. दुकानातल्या पंधरा जणांना मात्र काही पत्ता नव्हता. ते तर वाघ बघण्यात गुंग होते!

मग वनखात्याची जीप आली. जाळं आलं. आणि सर्वांत पुढे, हातात काठी घेऊन, इतवारी आला. चाळीस वर्षं जंगलात राखण केलेला, आता निवृत्त, पण वाघाचं नाव निघालं की सगळे त्यालाच बोलवायचे. तो भिंतीला पाठ लावून सरकत दुकानात शिरला.

"हलू नोका कोणी!" तो कुजबुजला. "कुठी आहे?"

पंधरा बोटं टॅबकडे वळली.

इतवारीने वाकून पाहिलं. तेवढ्यात गोपालने आणखी एकदा फांदी ओढली. बाहेर जाळं धरून उभा असलेला साहेब ओरडला, "इतवारी, केवढा आहे?"

"चार बोटं, साहेब!"

पुढचं ऐकून गुणवंतरावांना वाटलं, धरती दुभंगावी आणि निदान वहीसकट आपल्याला पोटात घ्यावं. साहेब ओरडत होता, बस भोंगा वाजवत होती, मिरचीवाला मिरच्या कोण वेचून देणार म्हणून विचारत होता. "कोणाचा हाय हा वाघ?" असा गलका झाला.

"आमच्या नातीचा," गुणवंतराव इतक्या हळू म्हणाले की ते फक्त इतवारीला ऐकू गेलं.

"मंग भाऊ, तुमीच उठवा त्याले!" अजून फांदी ओढत बसलेल्या गोपालपुढून टॅब उचलून इतवारीने त्यांच्या हातात दिला. "बाकी सगळे हरले. पोट्टीनं बनवला ना तुमच्या? खेळा!"

दुकानात, दारात, जीपवर, बसच्या खिडक्यांत, जिकडे पाहावं तिकडे डोळे! गुणवंतरावांनी बोट उचललं. बोट हवेतच राहिलं. 

"दगड सरकवा!" गोपाल म्हणाला.

"फांदी ओढा जी!" रुखमा म्हणाली.

गुणवंतरावांना काहीच सरकवता येईना. एक मिनिट गेलं. कोणी खोकलं. दोन मिनिटं गेली.

आणि पडद्यावरच्या वाघाने पाण्यातून तोंड काढलं, जांभई दिली, उठला आणि शेपटी हलवत झाडीत निघून गेला!

"अरे, गेला!"

"मी तेच सांगणार होतो," इतवारी म्हणाला. "पाणी पिऊन झालं की जातेच तो. पण त्याले तेवढा वेळ कोण देते?"

टाळ्या पडल्या, बसने आनंदाने भोंगा दिला. जाळं धरलेला साहेबही हसला. पडद्यावर म्हाताऱ्याने पोरीचा हात धरून पाणवठा ओलांडला आणि खाली अक्षरं उमटली : 'आलापल्लीच्या रस्त्यावर आजोबा असेच उभे राहिले होते. मी सहा वर्षांची होते.'

गुणवंतरावांच्या डोळ्यांसमोर तो रस्ता उभा राहिला. वळणावर वाघ. हातात चिमुकला हात. आणि आपले पाय, रोवल्यासारखे.

घरी येऊन त्यांनी एका बैठकीत उत्तर लिहिलं.

"प्रिय दिव्यानी, पाचवं कोडं काढू नकोस. ते सुटतं, सरांना सांग, फक्त थांबावं लागतं. तू खरं लिहा म्हणालीस, म्हणून लिहितो. त्या दिवशी मी धीराने उभा नव्हतो. भीतीने पाय उचलत नव्हते. आजही तसंच झालं. पण दोन्ही वेळा वाघाला त्यातला फरक कळला नाही. उत्तराला उशीर झाला, तोही त्याच कारणाने. क्षमा कर. ता. क. मिरचीवाल्याला मी मिरच्या वेचून दिल्या. हात अजून चुरचुरत आहेत."

मनकर्णाबाई पेटीपर्यंत सोबत आल्या. त्यांचा नवऱ्यावर भरवसा नव्हता.

"खूण कोणत्या चौकोनात केली?"

"दोन्ही."

गुणवंतरावांनी पाकीट फटीत घातलं. आणि हात तिथेच राहिला. अक्षर नीट आलं असेल का? 'भीतीने' लिहायला नको होतं का? पोरगी हसेल का? मागे पत्र टाकायला आलेली दोन माणसं ताटकळली.

"सोडा ना जी आता," मनकर्णाबाई म्हणाल्या, "वाघ गेला कवाचा!"

गुणवंतरावांनी पाकीट सोडलं.