हे कवाचं?

कांबळे सरांना काहीही सांगा, त्यांचा प्रश्न एकच. "कवाचं?"

चहा गरम आहे म्हटलं, की "कवाचा?" पुण्याची डेमू गाडी वेळेवर आहे म्हटलं, की "ही खबर कवाची?" एकदा शिपाई म्हणाला, "सर, मोठ्या साहेबांचा मूड चांगलाय." सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कवा बघितला?"

"सकाळी."

"मग जा, परत बघून ये."

कुरकुंभच्या एका रसायन कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघं कामाला. कुठल्या टाकीपाशी किती वायू आहे, ते भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसतं. हिरवं म्हणजे ठीक. आम्ही हिरवं पाहून निवांत होतो, तर सर अस्वस्थ होतात. मग खाली फोन लावतात, "तिथं उभा ऱ्हाऊन सांग."

नवा कोड त्यांच्यापुढं न्यायला तर सगळेच घाबरतात. "वाचून नको दाखवू. काय करतंय ते मराठीत सांग." परवा एक इंजिनियर पुटपुटली, "सर, एआयनं लिहिलंय. टेस्ट पास झाल्यात."

"म्हंजी तुलाबी म्हाईत न्हाई. मग बिघडल्यावर कुणाला इचारायचं?"

नव्या लोकांना ते चक्रम वाटतात. पण मी त्यांना आधीपासून ओळखते. सर पूर्वी असे नव्हते.

कारखान्यात नवी यंत्रणा आली, तेव्हा तिचा सगळा कोड एआयकडून लिहून घेतला होता. तो इतका मोठा होता, की कुणीच नीट वाचला नाही. सरांनीही नाही. स्क्रीन व्यवस्थित चालत होता, म्हणून मंजुरी त्यांनीच दिली. त्या कोडमध्ये एक गोष्ट कुणी न सांगता आली होती. सेन्सर गप्प झाला, तर स्क्रीन त्याचा शेवटचा आकडाच दाखवत राहायचा.

एका दुपारी टाकीजवळ वायू गळत होता. तिथला सेन्सर सकाळीच बंद पडला होता, आणि आमच्यासमोर सकाळचाच आकडा हिरवागार. रामप्रवेश नावाचा बिहारचा कामगार तिथला व्हॉल्व्ह बघायला निघाला होता. त्यानं वॉकीटॉकीवर विचारलं. सर म्हणाले, "जाओ, सब ठीक है."

तो वाचला, पण फुप्फुसं कामातून गेली. चौकशीत 'तांत्रिक बिघाड' एवढंच निघालं.

रामप्रवेशची भाड्याची खोली वरच्या मजल्यावर होती, आणि त्याला जिना चढवेना. सरांनी त्याला दौंडला आपल्या घरी आणलं. बायको वारल्यापासून सर एकटेच राहत होते.

एका रविवारी मी भेटायला गेले. रामप्रवेश खाटेवर उशांना टेकून बसला होता. सर मोडक्या हिंदीत त्याला सांगत होते, "मशीन को कुछ मालूमच नहीं था. पर मेरेको मालूम करना था ना. मैंने नहीं किया."

तो धाप लागत म्हणाला, "साहब, रोज रोज मत बताओ. फिर आप खाना नहीं खाते."

सर उठून स्वयंपाकघरात गेले. मग ते ताटं घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूबी बस, पोरी. घरात तिसरं कुणी जेवाया असलं, की ह्यो दोन घास जास्त खातो."