थोरलीची बाजू

आमचे शेजारी भटूनाना टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून मालिका बघतात. खरं तर याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवेत. सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं आहे आणि बाकी सगळ्यांचे टीव्ही गल्लीभर ओरडत असतात. पण आदल्या संध्याकाळी मुक्याने बघितलेली मालिका नाना दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगतात. तीही मी स्कूटर बाहेर काढत असताना, फाटकात आडवं उभं राहून, मोठ्याने.

मी पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका गोदामात पार्सलं रवाना करतो. दिवसभर उभा असतो, संध्याकाळी पाय माझे आहेत की दुसऱ्याचे ते कळत नाही. सकाळी अंगात जी काही चिमूटभर ताकद असते ती मी कामासाठी राखून ठेवतो आणि नाना ती फाटकातच संपवतात.

नाना मूळचे खानदेशातले, शिरपूरकडचे, बोलणं अजून अहिराणीच. सगळं आयुष्य खात्यात गेलं. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. तिथल्या धडधडाटात शेजारी उभ्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून कारागीर आवाज न काढताच बोलतात. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने वाचायचे. त्या धडधडाटात नानांचे कान गेले, ओठ वाचणं तेवढं राहिलं. पण हिंदी मालिकेतली माणसं एकमेकांकडे पाठ करून बोलतात, आणि बोलण्यापेक्षा डोळेच जास्त वटारतात. तिथे नानांची विद्या चालत नाही. मग ते आपल्या मनाने गोष्ट रचतात, असं मी धरून चाललो होतो.

त्या मालिकेत एक थोरली सून होती. ती किती वाईट आहे हे तिच्या भुवयांवरूनच कळायचं. ती सासऱ्याच्या दुधात विष घालायची, धाकटीच्या संसारात काड्या घालायची आणि मग एकटीच आरशात बघून हसायची. नानांच्या गोष्टीत मात्र तिच्यासारखी गुणी बाई दुसरी नव्हती.

"दूधमा ती दवाई टाकस," नाना मला समजावायचे. "सासराले झोप येत नही ना."

मी विचारलं, मग ती बाटली तीन-तीनदा इतक्या जवळून का दाखवतात? नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "माप चुकाले नको म्हनीसन," ते म्हणाले.

आरशातल्या हसण्याचाही त्यांनी उलगडा केला होता. थोरलीची दाढ दुखत होती आणि घरात कुणाला कळू नये म्हणून ती तोंड वाकडं करून बघत होती. एकदा तिने पिस्तूल रोखलं, तेव्हा ते देवापुढचा दिवा पेटवायचं लायटर निघालं. मालिकेतलं काही अगदीच त्यांच्या गोष्टीत बसलं नाही, की नाना हात झटकून म्हणायचे, "टीव्हीवालासनं चुकनं." म्हणजे ज्यांनी मालिका लिहिली, नट आणले, सेट उभारला, त्यांचंच चुकलं.

आमच्या गल्लीत पाळीवर जाणारे पुष्कळ. त्यांची मालिका चुकते, आणि पूर्वी ते बिचारे सकाळी नानांकडूनच ऐकायचे. त्यातल्याच एक काकू कडोद्याला लग्नाला गेल्या आणि तिथे भर मांडवात नणंदेशी भांडल्या, की थोरली सून देवमाणूस आहे. सगळा मांडव हसला. काकू परत आल्या त्या नानांशी न बोलण्याचं ठरवूनच. हळूहळू बाकीच्यांनीही ऐकणं सोडलं. नानांना बघितलं की लोक फोन कानाला लावायचे. राहता राहिलो मी, कारण माझी स्कूटर पटकन सुरू होत नाही.

घरी मी कुरकुर केली तेव्हा माझी मुलगी प्राची मोबाइलमधून मान वर न काढता तिच्या गुजराती-हिंदीत म्हणाली, त्यात काय, "पप्पा, एमां शुं? इसको फॅन फिक्शन बोलते हैं." दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं घ्यायची आणि आपली गोष्ट लिहायची, जगभर लोक लिहितात म्हणे. चित्रंही काढतात. तीसुद्धा लिहिते, हे मला तेव्हाच कळलं. मी विचारलं, मूळ गोष्ट फुकट बघायला मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी? तिचं म्हणणं, गोष्टीत ज्याच्यावर अन्याय होतो त्याची बाजू लिहिणाऱ्याने घेतली नाही, तर बघणाऱ्याने घ्यायची. मी म्हटलं, बरं, आणि झोपलो.

नानांची बायको, कमलआक्का, मालिका अर्ध्यावर असताना वारल्या, तेव्हापासून नाना एकटेच राहतात. लेक नवसारीला दिलेली. तिने त्यांना कानाचं मशीन आणून दिलं, ते नानांनी एक संध्याकाळ लावलं आणि टीव्हीखालच्या खणात टाकून दिलं. लेक मला फोन करून सांगायची, दिलीपभाऊ, तुम्ही तरी समजावा. मी समजावलं. नाना म्हणाले, मशीन बिघडलेलं आहे, त्यात भलतंच ऐकू येतं.

मग ती मालिका संपली. कधीतरी संपेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. शेवटच्या भागात थोरलीला पोलिसांनी घेरलं, तिने कड्यावरून उडी मारली, आणि उरलेलं घर एका रांगेत उभं राहून आनंदाने हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर बाहेर काढली आणि फाटकात कुणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं. स्कूटरही पहिल्याच किकला सुरू झाली. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथे मला चैन पडेना. थोरली मेली, आणि नाना काहीच म्हणाले नाहीत, हे मला पटेना. वैतागतच मी परत फिरलो.

नाना बंद टीव्हीसमोर बसले होते. कॉटवर उशीला टेकून एका बाजूलाच बसायची त्यांची सवय मला ठाऊक होती. आजही अर्धी कॉट रिकामी होती. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "नाना, बरं नाही का?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलले, की हेच ते नाना का असं मला वाटलं.

"माले आयकू येत नव्हतं. तुन्ही आक्काच सांगे माले, मन्हाकडे तोंड करीसन. ती गई, मंग पोरनं मशीन दिन्हं. ते लावं आनि मालिका देखी." त्यांनी टीव्हीखालच्या खणाकडे बोट दाखवलं. "आक्का सांगे ते एक वाक्य बी त्यामा नही व्हतं."

म्हणजे थोरलीची ती सगळी गोष्ट आक्कांची होती. दुधातलं औषध, दुखरी दाढ, देवापुढचा दिवा, सगळं या कॉटवर बसून त्यांनी रोज संध्याकाळी नुसत्या ओठांनी रचलं होतं. आणि आक्का स्वतः थोरली सून होत्या. थोरलीनं नवऱ्याला सुरतला पळवलं, घर फोडलं, असं गावाकडे त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं गेलं. तिथे कुणी त्यांची बाजू घेतली नव्हती. आक्का गेल्यावर नानांनी ती गोष्ट तेवढी चालू ठेवली होती, आणि आम्ही त्यांना टाळत होतो.

"आते पुढे कोन सांगी?" नाना म्हणाले.

माझ्या खिशात फोन वाजत होता, गोदामातूनच असणार. मला गोष्ट सांगता येत नाही. उभ्या जन्मात मी कुणाला सांगितलेली नाही. पण मी त्या रिकाम्या बाजूला बसलो, नानांकडे तोंड केलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. कड्याखाली एक झाड होतं, मी म्हटलं. थोरली त्याच्यात अडकली. पाय मुरगळला आहे, बाकी काही नाही.

नाना पुढे वाकले. इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. माझ्या ओठांवरची नजर न काढता ते म्हणाले, "मंग?"