पोट उतरलं, पारडं चढलं

अख्ख्या पाटण तालुक्यात पोट कमी करून दाखवलेला माणूस एकच, आणि तो मी, हवालदार जोतीराम! एकाहत्तरची लढाई संपवून पेन्शनीत आलो आणि पोट असं सुटलं, की मागच्या सुगीत छातीत कळ येऊन आडवाच झालो. लोकांनी जीपमध्ये घालून सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाला झटका आलाय, आणि दुखऱ्या हृदयाला एवढं पोट ओढणं झेपायचं नाही. पोट ठेवा, नाहीतर स्वतःला ठेवा.

मी स्वतःला ठेवलं. तूप, लोणी, काकवी बंद. रोज उसाच्या बांधावरून चालणं. वर्षभरात विजारीची नाडी गुडघ्यापर्यंत लोंबायला लागली. दम लागेना, झोप गाढ. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

घोळ एकच होता. मी दवाखान्यात असताना आमच्या बायकोनं, शालूबाईनं, गावदेवीला नवस बोलला होता, की माणूस जिता घरी आला तर त्याच्या वजनाच्या भारंभार गूळ वाटीन.

जत्रेला देवळापुढच्या झाडाला गुऱ्हाळाचा मोठा काटा टांगला. एका पारड्यात मी ऐटीत बसलो, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढू लागल्या. थोड्याच ढेपांत मी वर! आता टाळ्या पडणार म्हणून मी हातसुद्धा जोडले. पण गूळ खायला जमलेल्या गावाची तोंडं उतरली होती.

चुलती धोंडुबाई पुढं आली. "सूनबाई, तू बोललीस तवा ह्यो येवढासा न्हवता. देवीला मापात पाप चालत न्हाई."

मी म्हणालो, वजन डॉक्टरांनी उतरवलंय, देवीनं त्यांनाच विचारावं. कोण ऐकतंय! गुरवानं तोड काढली, की महिनाभर तूप खाऊन पुनवेला परत बसा. दोघंतिघं तर उत्साहानं तूप आणायला निघालेही! शालूबाई मात्र पांढरीफटक पडली. नवस अपुरा ठेवला तर देवी नवरा परत नेणार, आणि तूप चारलं तर डॉक्टरांचं खरं होणार.

"आवं, सरका," ती हळूच म्हणाली. "जेवढं कमी पडतंय तेवढी मी बसते."

पदर खोचून ती चढली आणि पारडं धाडकन जमिनीला टेकलं. होत्या त्या ढेपा संपल्या, घरातला वर्षाचा गूळ आणला, तरी हलेना! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या वाटणीचं तूप-लोणी टाकायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून वर्षभर ती ते स्वतः खात होती. माझं वजन घराबाहेर गेलंच नव्हतं. शेवटी शेजारपाजारच्या ढेपा आणल्या, तेव्हा काटा सरळ झाला आणि गाव खूश झालं.

पुढच्या तपासणीला मी हे सगळं डॉक्टरांना रंगवून सांगितलं. ते पोट धरून हसले. मग त्यांनी शालूबाईला काट्यावर उभं केलं, छातीला नळी लावली आणि त्यांचं हसू थांबलं.

"बाई, वेळेत आलात," ते म्हणाले.

स्वतःच्या दुखण्याला मी इतका भ्यालो नव्हतो.

आता बांधावरून आम्ही दोघं चालतो. ती पुढं, मी मागं. म्हशीचं लोणी धोंडुबाईकडं जातं. शालूबाईला दम लागणं कमी झालंय, चोळ्या सैल झाल्यात, आणि मी सुखात आहे. तिला सांगू नका, पण त्या दिवशी सांगलीहून येताना मीही देवीला नवस बोललोय. नारळाचा! बाई निम्मी झाली तरी नारळ एकच लागतो.