हिंचक्याचा ताबा

"परत वाच," प्रतापसिंहराव म्हणाले. हातातला ढोकळा तोंडापाशीच थांबला होता.

यशश्री युनिव्हर्सिटीत कायदा शिकत होती. सोमवारी मालमत्ता कायद्याचा पेपर होता आणि मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे. तिने पुन्हा वाचलं. "दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी उघडपणे, खंड न पडू देता बारा वर्षं ताबा ठेवला आणि मालकाने काहीच केलं नाही, तर मालकाचा हक्क जातो."

"जातो म्हणजे?"

"जातो म्हणजे जातो, बाबा. मग ज्याचा ताबा त्याची जमीन."

प्रतापसिंहरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. दोन घरांच्या मधल्या पट्टीत शेजारच्या रसिकभाईंचा लोखंडी झोपाळा, त्यांच्या गुजरातीत हिंचका, होता. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून रसिकभाई दिवसभर त्याच्यावरच असत. पट्टी मात्र प्रतापसिंहरावांची होती.

"कांचन, हा हिंचका कधी आला गं?"

"त्यांच्या कोमलच्या लग्नात," कांचनताई म्हणाल्या. "पाहुण्यांना बसायला म्हणून बाहेर काढला, तो तिथंच राहिला. या रविवारी बारा वर्षं होतात तिच्या लग्नाला. जेवायला बोलावलंय आपल्याला."

प्रतापसिंहरावांनी ढोकळा बशीत ठेवला. त्यांच्या पणजोबांनी संस्थानच्या काळात गावंच्या गावं मोजली होती, आणि इथे पणतवाची जमीन एक हिंचका खात चालला होता. तेही जेवणाचं आमंत्रण देऊन!

"खंड न पडू देता, असं म्हणालीस ना? मग पाडतो खंड."

दुसऱ्या दिवशी सकाळी रसिकभाई उठायच्या आत ते वर्तमानपत्र घेऊन हिंचक्यावर जाऊन बसले. तेवढ्यात दार उघडलं.

"आवो आवो, प्रतापभाई!" रसिकभाईंचा चेहरा फुलला. "किती वर्षं सांगतो तुम्हाला, येऊन बसत जा म्हणून! बेसो, चा मागवतो."

तासाभराने प्रतापसिंहराव विजयी मुद्रेने घरी आले. यशश्रीने कपाळावर हात मारला. "बाबा, ते बसा म्हणाले आणि तुम्ही बसलात. म्हणजे मालक ते, तुम्ही पाहुणे! वर चहा प्यायलात!"

"अर्धाच प्यायलो," प्रतापसिंहराव पडलेल्या आवाजात म्हणाले.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. शुक्रवारी पहाटे त्यांनी हिंचक्याला साखळी गुंडाळली आणि मांडवीच्या बाजारातून आणलेलं भलंमोठं कुलूप ठोकलं. मग पडद्याआड उभे राहून ते भांडणाची वाट पाहू लागले.

भांडण झालंच नाही. रसिकभाईंनी कुलूप पाहिलं, साखळी ओढून पाहिली आणि सगळ्या सोसायटीला हाका मारल्या. कुलूप कोणाचं, असं विचारल्यावर प्रतापसिंहराव ताठ मानेने पुढे झाले. "माझं."

"बघा!" रसिकभाई सगळ्यांकडे वळून म्हणाले. "मागच्या सोसायटीत चोरी झाली. मी घोरत पडलो, अने आ माणूस माझ्या हिंचक्याला पदरचं कुलूप लावतो! असा पाडोशी कुठे मिळतो?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे प्रतापसिंहरावांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली. आता नाही कसं म्हणणार? त्यांनी सगळ्यांदेखत कुलूप काढलं आणि रसिकभाईंनी हात पुढे केला, तेव्हा किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"किल्ली दिलीत?" यशश्री जवळजवळ किंचाळली. "बाबा, किल्ली देणं म्हणजे ताबा देणं!"

शनिवारी ती सयाजीगंजला कॉलेजात शेवटच्या लेक्चरला गेली आणि धापा टाकतच परत आली. "परवानगी! मालकाच्या परवानगीने वापरत असतील, तर कितीही वर्षं होऊ देत, हक्क जात नाही. पुढच्याच पानावर होतं."

"ते पान आधी वाचायला काय झालं होतं?"

"ते राहू दे. तुम्ही परवानगी दिली होती का?"

प्रतापसिंहरावांना काही केल्या आठवेना.

"दिली होती की," कांचनताई म्हणाल्या. "खुशाल ठेवा, म्हणालात. पण ऐकायला मी एकटीच होते."

"बायकोची साक्ष कोण खरी मानणार? ते रसिकभाईंच्याच तोंडून यायला हवं," यशश्री म्हणाली.

संध्याकाळी बापलेक हिंचक्यापाशी जाऊन उभे राहिले. यशश्रीच्या ओढणीखाली मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू होतं.

"रसिकभाई, हा हिंचका तुम्ही ठेवलात... तेव्हा मला विचारलं होतं ना?"

"अरे, तुमच्यामाझ्यात विचारायचं काय?"

यशश्रीने वडिलांना कोपराने ढोसलं.

"तसं नाही. म्हणजे मी परवानगी दिली होती, असं तुम्हाला आठवत असेल."

"परवानगी?" रसिकभाईंनी पाय टेकवून हिंचका थांबवला. त्यांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. हसरा चेहरा गंभीर झाला. "आता समजलं. सकाळी येऊन बसणं, कुलूप, आता आ परवानगी. तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, प्रतापभाई."

प्रतापसिंहराव एक पाऊल मागे सरकले.

"तुमच्या रसोड्याची चिंता ना?"

"स्वयंपाकघराची?"

"तुम्ही ते मागे वाढवलं, तेव्हा भिंत दोन फूट माझ्या जमिनीत आली. भिंत बांधणाऱ्या कडियाने त्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, जवा दो, असू दे, कांचनबेनला रांधायला मोकळी जागा होईल." रसिकभाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "इतकी वर्षं मनात ठेवून कुढलात? माझा साळा वकील आहे. तो सांगतो, बारा वर्षं होऊन गेली, आता रसिकलाल कोर्टात गेला तरी काही होणार नाही. तमे शांतीथी सुओ, निवांत झोपा!"

ओढणीखाली यशश्रीने चाचपडत रेकॉर्डिंग बंद केलं.

"पण मग परवानगी कसली म्हणत होतात?" रसिकभाईंनी विचारलं.

प्रतापसिंहरावांनी हिंचक्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "तेल... कड्यांना तेल घालू का, म्हणून विचारत होतो."

"त्याला परवानगी कसली!" रसिकभाई म्हणाले आणि सरकून त्यांनी यशश्रीला शेजारी बसवून घेतलं.

प्रतापसिंहराव तेलाची बाटली आणायला घरी गेले. ती स्वयंपाकघरात होती, अगदी मागच्या भिंतीतल्या फळीवर. भिंतीच्या दोन फूट अलीकडे ते जरा थबकले आणि मग पायातल्या चपला काढून पुढे गेले.